कान देऊन पाहायचे सिनेमे

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘वेस्टर्न म्हणजे नुसती घोडदौड आणि ठोठो’ हे अमेरिकी काउबॉयपटांबद्दलचं तुझं वाक्य मला मुळीच मान्य नाही, म्हणून लगेच लिहायला बसलो. इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) पाहिला असतास, तर तू असं लिहिलं नसतंस.

सुरुवातच बघ. ओसाड स्टेशनवर तीन बंदूकधारी गाडीची वाट पाहतायत. दहाएक मिनिटं दुसरं काही घडतच नाही. संवाद जवळजवळ नाहीत, पार्श्वसंगीतही नाही. तेलपाणी न केलेली पवनचक्की कुरकुरते. एकाच्या टकलावर वरून पाणी ठिबकतं. तो टोपी घालतो आणि थेंबांचा आवाज बदलतो. दुसरा बोटं मोडतो. तिसऱ्याच्या तोंडावर माशी घोटाळते. तो तिला बंदुकीच्या नळीत कोंडतो आणि आतली गुणगुण ऐकत बसतो. एन्निओ मोरिकोनीसारखा संगीतकार हाताशी असताना त्याला इथे गप्प ठेवायचं, याला केवढा आत्मविश्वास लागतो! पुढे नायिका क्लाउडिया कार्डिनाले स्टेशनातून बाहेर पडते, कॅमेरा क्रेनवरून छपराच्या वर चढतो आणि सूरही त्याच्याबरोबर चढतात, तेव्हा अंगावर काटा येतो. हे संगीत चित्रीकरणाआधीच तयार होतं आणि सेटवर वाजवलं जायचं.

आणि ते हत्याकांड! माळरानावरच्या घरासमोर जेवणाची टेबलं मांडली आहेत, आणि झुडपांतल्या किड्यांची किरकिर एकदम थांबते. बाप मान वर करून बघतो. गोळी अजून सुटलेली नसते, पण आपल्या पोटात खड्डा पडतो. मारेकरी कोण, तर हेन्री फोंडा, तोवर सज्जन माणसांच्या भूमिकांसाठी प्रसिद्ध असलेला, निळ्या डोळ्यांचा. ‘शोले’मधल्या ठाकूरच्या कुटुंबाच्या प्रसंगावर याची छाया आहे. तिथली झोपाळ्याची करकर आठव.

आता फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती. त्याचा ‘प्लेटाइम’ (१९६७) विनोदी, पण मला तो लिओनीच्या सिनेमाचा सख्खा भाऊ वाटतो. इथेही वाट पाहणं आहे, इथेही संवाद कुणी नीट ऐकावेत अशी अपेक्षा नाही. मस्यू ह्युलो (तातीने स्वतःच रंगवलेलं पात्र) एका ऑफिसात भेटीसाठी आलाय. लांबलचक कॉरिडॉरच्या पार टोकाला एक माणूस दिसतो, त्याच्या बुटांची टकटक जवळ येऊ लागते. ह्युलो उठतो, दरवान त्याला बसवतो, कारण माणूस अजून खूप लांब आहे! नंतर प्रतीक्षागृहातल्या खुर्च्या. बसलं की फुस्स, उठलं की हळूच पूर्ववत. आणि माझा लाडका प्रसंग: प्रदर्शनात आवाज न करणारं दार विकायला ठेवलंय. त्याचा मालक ह्युलोवर भडकतो, तरातरा जाऊन दार आपटतो आणि काहीच वाजत नाही. रागावलेल्या माणसाची याहून मोठी पंचाईत कोणती?

या सिनेमासाठी तातीने पॅरिसच्या कडेला काचेचं आणि पोलादाचं अख्खं शहरच उभारलं, रस्त्यांसकट. त्यापायी तो कर्जात बुडाला आणि स्वतःच्या चित्रपटांचे हक्क गमावून बसला. मला याचं फार वाईट वाटतं. लोक हसले नाहीत असं नव्हे. पण तातीने गंमत पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यात ठेवली आणि ती शोधायचं काम आपल्यावर सोपवलं. तेवढा धीर तेव्हा थोड्यांनीच दाखवला.

मिलोश फोरमनचा ‘द फायरमेन्स बॉल’ही १९६७चाच, चेकोस्लोव्हाकियातला. सव्वा तासाच्या आत संपतो. गावातले अग्निशामक नाचाचा कार्यक्रम ठरवतात, सोडतीची बक्षिसं एकेक करून चोरीला जातात. चोरांना वस्तू गुपचूप परत ठेवता याव्यात म्हणून दिवे घालवतात. दिवे लागतात तेव्हा परत ठेवायला गेलेला एकटा प्रामाणिक माणूस सापडतो आणि उरलेली बक्षिसंही गायब! बरेचसे नट त्याच गावचे खरे अग्निशामक होते. ऑगस्ट १९६८ मध्ये प्रागमध्ये सोव्हिएत रणगाडे घुसले, नंतर सिनेमावर बंदी आली आणि फोरमन अमेरिकेत स्थायिक झाला.

आधी लिओनी पाहा, चांगले हेडफोन लावून. ‘प्लेटाइम’ मात्र मोबाइलवर पाहू नकोस, तो ७० मिलिमीटरवर चित्रित झालाय आणि त्यात क्लोजअप जवळजवळ नाहीतच. दिवाळीत इकडे येशील तेव्हा माझ्याकडच्या मोठ्या पडद्यावर पाहू. तोवर स्टेशनवरच्या त्या तिघांबद्दल तुला काय वाटलं ते सविस्तर लिही, भांडायचं असेल तरी चालेल.

काकूंना नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझा,
अविनाश