आक्काच्या तोंडाचं काय करायचं

बेळगाव, रविवार रात्र

प्रिय बाळ्या,

दिवाळीपासून माझं पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून मोकळा हो. शुगर ठीक आहे, गुडघा तसाच.

काल आक्का दुकानात आली. पर्समधनं ट्यूब काढली, शेपटीकडनं गुंडाळत पार मानेपर्यंत आणलेली, आणि म्हणाली, "हीच, दोन दे." गाल, नाक, हनुवटी लाल. मधेमधे बारीक पुटकुळ्या, पण काळं तोंड असलेली एकही नाही, म्हणजे मुरुमं नव्हेत. नाकपुडीशेजारी लाल दोऱ्यासारख्या शिरा. मी चिठ्ठी मागितली. पुढचं सांगायला नको, बहीण तुझीच आहे.

ट्यूबमध्ये मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. वांगावर काही आठवडे लावायचं औषध, पार्लरवालीनं गोरेपणासाठी दिलेलं, आणि आक्का दोन वर्षं फासतेय! स्टेरॉइडनं लाली दबते, कातडी पातळ होते, शिरा वर येतात. बंद केलं की आठ-पंधरा दिवसांत आग होऊन तोंड आधीपेक्षा लाल. मग परत ट्यूब. 2018 साली सरकारनं लावायची आणखी बरीच स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली, तरी ही तिला कुठंही मिळेल. माझ्या नकारानं एवढंच होणार, की ती खडेबाजारात जाणार. नाहीतर रागानं एकदम बंद करणार, आणि ते त्याहून वाईट.

मला हा रोझेशिया वाटतो, म्हणजे गाल-नाक लाल होऊन पुटकुळ्या येण्याचा जुनाट त्वचारोग, वर स्टेरॉइडचा मार. पण ठरवायचं डॉक्टरनं. गालावरची लाली ल्युपसमध्येही येते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात. त्यात बहुधा नाकापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची घडी मोकळी राहते. शंका आली तर एएनए ही रक्ताची तपासणी सांगतील, सांगितली तर घाबरू नका. आक्काचे डोळे खुपतात, वाळू गेल्यासारखे. ते ती "चष्म्याचा नंबर" म्हणते. रोझेशिया डोळ्यातही असतो, म्हणून हे आधी सांगायचं.

आता डॉक्टर. "स्किन अँड हेअर" पाटी बघून आत शिरायचं नाही. चिठ्ठीवर एमडी किंवा डीएनबी डर्मॅटॉलॉजी, नाहीतर त्वचारोगाचा डिप्लोमा डीडीव्हीएल, आणि नोंदणी क्रमांक हवा. तो कर्नाटक मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येतो, कोल्हापूरचा असेल तर महाराष्ट्राच्या. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट म्हणजे त्वचारोगतज्ज्ञ नव्हे. केएलई नाहीतर बिम्स, या मेडिकल कॉलेजांच्या ओपीडीत वेळ जातो, पण शिकाऊ डॉक्टर सगळं खोदून विचारतात, मग मोठे बघतात. पुढच्या खेपेला माणूस बदलू शकतो, म्हणून फाइल जपायची. कन्नड पाट्यांवरून तू ओपीडीत भांडायचं नाहीस. मागचं प्रकरण मी मिटवलंय, पैसे अजून दिले नाहीस.

पहिल्याच दिवशी कुणी लेसरच्या सहा सिटिंगचे आगाऊ पैसे मागितले तर उठायचं. लेसर शिरांसाठी, तेही पुटकुळ्या आणि आग शमल्यावर. आपल्या सावळ्या कातडीवर भाजून डाग पडू शकतो, म्हणून मशीन कुठलं, आपल्या रंगाचे पेशंट किती केले, कानापुढं छोट्या जागी आधी चाचणी घेणार का, हे विचारायचं.

जाताना घरातल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाल, रिकाम्यासुद्धा. तोंड नुसतं धुतलेलं, पावडर नाही. लाली चढते तेव्हाचे फोटो मोबाइलवर. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन घेते ते सांगायचं, तिनंही तोंड तापतं. स्वतःहून बंद मात्र करायची नाही.

बहुधा लावायला मेट्रोनिडॅझोल 0.75 टक्के जेल, आयव्हरमेक्टिन 1 टक्का किंवा अझेलाइक अ‍ॅसिड 15 टक्के देतील. पुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्सीसायक्लिनची गोळी, 8 ते 12 आठवडे. ती ग्लासभर पाण्याबरोबर, गिळून लगेच आडवं व्हायचं नाही. कॅल्शियमच्या गोळीत आणि हिच्यात दोन-तीन तासांचं अंतर. आक्का दोन्ही एकदम तोंडात टाकते, चहाबरोबर! स्टेरॉइड कसं उतरवायचं ते डॉक्टर ठरवतील, कधी हलकं देऊन, कधी टॅक्रोलिमस हे स्टेरॉइड नसलेलं मलम लावून. पहिले काही आठवडे तोंड भडकणार. तेव्हाच ती "डॉक्टर बोगस" म्हणून पळेल. कधी, किती भडकेल, हे डॉक्टरकडूनच तिच्यासमोर वदवून घे. माझं ती ऐकत नाही, शर्यतीतल्या बैलाचं प्रकरण अजून मनात आहे तिच्या.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 च्या वर, तोंड आणि मानेला मिळून दोन बोटांवर लांबीभर ओढलेलं. वाटाण्याएवढं नव्हे. वाफ घेणं, स्क्रब, लिंबू बंद. संकेश्वरी मिरचीचा ठेचा बंद कर म्हटलं तर ती मला घरात घेणार नाही. तेव्हा कशानं तोंड तापतं ते पंधरा दिवस लिहून काढू दे, सगळ्यांना सगळंच बाधत नाही. गरम चहा आणि भाकरीच्या तव्यापुढचा तासभर यांवर माझा संशय जास्त.

वैनींना नमस्कार. पोरट्याची दहावी कशी गेली? नवीन घराला पाणी आलं का?

शनिवारच्या गाडीनं येच. सोमवारी सकाळी ओपीडी, दुकान धाकटा बघेल. आक्काला कळवू नकोस, नाहीतर ती खानापूरला नणंदेकडं जाऊन बसेल.

तुझा,
सुऱ्या