पद सोडून फंड काढला. पुढचा हिशेबही छापा

संपादक महोदय,

तंत्रज्ञान कंपनीतला बडा अधिकारी नोकरी सोडून व्हेंचर गुंतवणूकदार झाला, म्हणजे इतरांच्या पैशाचा फंड उभारून नवख्या कंपन्यांत हिस्से घेऊ लागला, की त्याची बातमी बढती मिळाल्यासारखी छापली जाते. खरे म्हणजे तो धंदाच बदलत असतो, आणि नव्या धंद्यात त्याला बरेच काही पहिल्यापासून शिकावे लागते.

वाट जुनीच आहे. १९७२ साली कॅलिफोर्नियात क्लायनर पर्किन्स आणि सिकोया या दोन्ही व्हेंचर गुंतवणूक संस्था निघाल्या. यूजीन क्लायनर हे फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या चिप कंपनीच्या संस्थापकांपैकी, टॉम पर्किन्स ह्यूलेट-पॅकार्डमधले आणि सिकोयाचे डॉन व्हॅलेंटाइन चिपविक्रीत मुरलेले. पुण्यात जन्मलेले विनोद खोसला १९८२ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या संगणक कंपनीचे सहसंस्थापक होते, १९८६ मध्ये क्लायनर पर्किन्समध्ये गेले आणि स्वतःची संस्था त्यांनी काढली ती २००४ मध्ये. मधली १८ वर्षे कौतुकाच्या लेखांत एका ओळीत उरकली जातात. आमच्या मते सगळे शिक्षण तिथेच असते.

हिशेब असा. फंड १० कोटी डॉलरचा, मुदत १० वर्षे, फंड चालवणाऱ्यांचे शुल्क दरसाल २ टक्के. पुढच्या वर्षांत शुल्क सहसा घटते, पण ढोबळमानाने २ कोटी त्यातच जातात आणि गुंतवायला ८ कोटी उरतात. फंडाला पैसे देणाऱ्यांची अपेक्षा तिप्पट, म्हणजे ३० कोटींची. प्रत्येक कंपनीत सुरुवातीला २० टक्के हिस्सा घेतला आणि कंपनीने नवे भांडवल उभारण्याच्या पुढच्या तीन फेऱ्यांत दर वेळी नव्या गुंतवणूकदारांना २० टक्के गेले, तर हाती १०.२४ टक्केच राहतात. तेव्हा ३० कोटी यायचे तर विकल्या गेलेल्या कंपन्यांची किंमत मिळून जवळपास ३०० कोटी डॉलर व्हावी लागते. बऱ्याच कंपन्या बुडतात किंवा जेमतेम मुद्दल देतात, त्यामुळे हा सगळा भार एक-दोन कंपन्यांवर येतो.

नवखा माणूस इथेच चुकतो. पहिल्या चेकमध्येच फंड संपवतो आणि चांगल्या कंपनीची पुढची फेरी आली की हिस्सा टिकवायला पैसे नसतात. त्यासाठी निम्म्याच्या आसपास रक्कम राखून ठेवावी लागते. ओळखीमुळे जुन्या सहकाऱ्यांच्याच कंपन्या निवडल्या जातात, आणि मग एकाच बाजारातली मंदी सगळ्यांना एकदम गाठते.

त्याहून मोठी चूक जुन्या सवयीची. एखादी कंपनी डगमगली की हा माजी अधिकारी स्वतः कारभारात उतरतो. संस्थापकाला डावलून माणसे नेमतो, उत्पादनाचा आराखडा बदलतो. त्याचे सर्वाधिक तास बुडत्या कंपनीत जातात, आणि फंड तारू शकणाऱ्या कंपनीचा फोन उचलायला तो मोकळा नसतो. दहा हजार माणसांची कंपनी चालवण्याचा अनुभव बारा जणांच्या कंपनीत फारसा उपयोगी पडत नाही. मोठे ग्राहक आणि पहिला विक्रीप्रमुख मिळवून देताना मात्र तो खरोखर कामी येतो.

म्हणून विनंती, अशा व्यक्तीवर लेख छापताना तीन आकडे मागा: फंड कोणत्या वर्षीचा, त्यात स्वतःचा पैसा किती, आणि पैसे देणाऱ्यांना रोख किती परत गेले. कागदावरचे मूल्यांकन शेवटच्या फेरीच्या भावाने फुगलेले असू शकते. रोख परतावा तसा फुगवता येत नाही.

आपले,
व्हेंचर गुंतवणूक क्षेत्रातील काही वाचक