मुलं लहान आहेत म्हणून चुका चालतील?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

छोट्या मुलांसाठी विज्ञान आणि निसर्गाच्या पुस्तकांची शिफारस करणारा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. या विषयाला तुम्ही पान दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. पण लेखात जवळपास प्रत्येक पुस्तकापुढे ‘सुंदर, रंगीत, आकर्षक चित्रं’ हेच लिहिलंय. ती चित्रं बरोबर आहेत का, हा प्रश्न लेखिकेला एकदाही पडलेला दिसत नाही, आणि राग त्याचाच आला.

चार-पाच वर्षांच्या मुलाला आपण पुस्तक वाचून दाखवतो तेव्हा त्याची नजर अक्षरांवर नसते, चित्रावर असते. मजकूर बरोबर आणि चित्र चूक असेल, तर त्याच्या लक्षात चित्रच राहतं. तुम्ही शिफारस केलेलं एक पुस्तक माझ्याकडे आहे. त्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण अशी पुस्तकं ढिगाने आहेत. त्यात ‘कीटक’ या पानावर कोळी आहे, आणि त्याला पाय सहा! कोळी कीटक नाही. त्याला आठ पाय असतात. शेजारची मुंगी खरोखर कीटक आहे, तर तिचे दोन पाय पोटातून निघालेले दाखवलेत. कीटकाचे सहाही पाय मधल्या भागातून, म्हणजे वक्षातून निघतात. शाळेत विज्ञान शिकवताना मी हे चुकीचं चित्र पाचवी-सहावीच्या मुलांच्या डोक्यातून काढून बरोबर ते पुन्हा नव्याने बसवायचे, आणि ते बसायला फार वेळ लागायचा. आधी पाहिलेलं चित्र सहजासहजी पुसलं जात नाही.

आता खरी गोष्ट सांगते. माझ्या नातवाने लिंबाच्या झाडावर अळी शोधली. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसायची. नंतर हिरवीगार झाली. काडी लावली की डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढायची आणि उग्र वास सोडायची. पोरगं वेडं झालं होतं. तिचा कोष झाला तेव्हा तर रोज सकाळी उठल्याबरोबर तो तिथे पळायचा. आणि एके दिवशी फुलपाखरू बाहेर आलं. पंख चुरगळलेले, ओले, शरीर सुजल्यासारखं. ते काडीला लटकून राहिलं. नातू रडायला लागला. त्याच्या पुस्तकात कोष फुटतो आणि पान उलटताच फुलपाखरू भुर्रकन उडतं. याचं उडत नव्हतं, म्हणजे ते आजारी आहे, असं त्याने ठरवलं आणि पंख सरळ करायला बोट पुढे केलं. मी तिथे होते म्हणून थांबवलं. त्या वेळी पंखांना हात लागला असता तर ते फुलपाखरू कदाचित जन्मभर उडू शकलं नसतं. शरीरातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये भरावा लागतो, पंख पसरावे लागतात, मग वाळून ताठ व्हावे लागतात. त्याला तासभर, कधी जास्तही वेळ लागतो. हे सगळं आम्ही दोघांनी बसून पाहिलं. सबंध गोष्टीतला सगळ्यात बघण्यासारखा भाग हाच, आणि पुस्तकाने नेमका तोच गाळलाय. चित्रकाराने एक चित्र जास्त काढलं असतं तर काय बिघडलं असतं?

मी प्रकाशकाला पत्र पाठवलं, पानांच्या क्रमांकांसह. उत्तर आलं नाही, म्हणून फोन केला. पलीकडच्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘बाई, मुलं लहान आहेत हो. त्यांना कुठे एवढं कळतंय? मोठी झाली की शिकतीलच.’’ वाद न घालता मी फोन ठेवला, पण ते वाक्य अजून डोक्यात आहे. पुस्तकाची नवी आवृत्तीही निघाली. कोळी सहा पायांचाच आहे, आणि आता तुमच्या यादीतही आहे.

ज्यांना हे कळत नाही म्हणतात, त्या मुलांना डायनोसॉरची नावं मोठ्यांपेक्षा जास्त पाठ असतात. त्यांच्यापुढे आपण काय ठेवतो? स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस एकाच पानावर झुंजताना. स्टेगोसॉरस सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीचा, टायरॅनोसॉरस साधारण 6.6 ते 6.8 कोटी वर्षांपूर्वीचा. त्या दोघांमध्ये जेवढा काळ गेला, त्यापेक्षा कमी काळ टायरॅनोसॉरस आणि आपल्यामध्ये गेलाय. हे एखाद्या सहा वर्षांच्या मुलीला सांगून पाहा, तिचे डोळे कसे विस्फारतात ते. याहून रोमांचक त्या खोट्या झुंजीत काय आहे?

बाकी यादी मोठी आहे. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर, एक दक्षिणेकडचा आणि दुसरं उत्तरेकडचं असून. उंटाच्या मदारीत पाणी, जेव्हा तिथे चरबी असते. मध गोळा करायला निघालेले मिशीवाले मधमाशीबाबा, जेव्हा फुलांवर राबणाऱ्या सगळ्या कामकरी माश्या माद्या असतात आणि नराला नांगीसुद्धा नसते. चंद्राच्या कोरीच्या कुशीत चमकणारी चांदणी, जणू चंद्राच्या उरलेल्या भागाला भोक पडलंय. मध्यरात्री ऐन डोक्यावर कोर, जेव्हा त्या वेळी ती तिथे कधीच नसते. आणि चंद्र फक्त रात्रीच दिसतो हे तर सगळीकडेच. मूल दिवसाढवळ्या आकाशात चंद्र बघतं आणि पुस्तक त्याला सांगतं की तसं होत नाही. अशा वेळी ते पुस्तकावर विश्वास ठेवतं, स्वतःच्या डोळ्यांवर नाही. मला याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.

कृपया माझं म्हणणं वेगळं घेऊ नका. ससा बोलला, मुंगीने टोपी घातली, तर माझी काहीच हरकत नाही. ती गोष्ट आहे हे मुलाला कळतं. काही भाग सोडून देणं, सोपं करून सांगणं, हेही मला मान्य आहे. पृथ्वी एक सेंटिमीटरची काढली तर चंद्र सुमारे 30 सेंटिमीटर दूर काढावा लागेल, आणि ते पानावर मावणार नाही, हे मला समजतं. मग खाली एक ओळ लिहा, की चंद्र खरं तर याहून खूप लांब आहे. पालक वाचून दाखवतील, मूल हात लांब करून विचारेल ‘एवढा?’ आणि तिथून पुढे गप्पा सुरू होतील. पण ज्या पुस्तकावर ‘माहिती’ असं छापलंय, त्यात खोटं असेल तर ते ओळखण्याचं कोणतंच साधन त्या मुलाकडे नसतं.

आणखी एक. तुमच्या लेखात लेखकांची नावं आहेत, प्रकाशकांची आहेत, पानं किती तेही आहे. चित्रकाराचं नाव मात्र एकाही पुस्तकासमोर नाही. अर्धं पुस्तक ज्याने केलं, त्याला ओळभर जागा नसावी? चुका काढताना मी चित्रकारांना बोल लावते आहे, तर चांगलं काम करणाऱ्यांचं नाव छापलं जावं हेही मलाच म्हणायला हवं. काही जण खरोखर जीव ओतून, प्रत्यक्ष निरीक्षण करून काढतात. पुस्तकाच्या आवृत्तीचं वर्षही दिलेलं नाही. 2006 मध्ये प्लुटोला ग्रहांच्या यादीतून वगळलं, तरी नऊ ग्रह मिरवणारी पुस्तकं अजून नवी म्हणून हातात पडतात. पालकांनी ते कसं ओळखायचं?

पुढची यादी छापण्याआधी ती पुस्तकं विषय जाणणाऱ्या कोणालातरी एकदा वाचायला द्या, आणि त्यांनी काढलेल्या चुका शिफारशीसोबतच छापा. माणूस मिळत नसेल तर माझ्याकडे पाठवा. मानधन नको. चार दिवसांत वाचून परत करीन, पानांच्या क्रमांकांसह.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका