चमचा सपाट भर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू 'बघू आण्णा' म्हणालीस आणि फोन ठेवलास. तू 'बघू' म्हणालीस की विषय संपला, हे तू चौथीत असल्यापासून मला माहीत आहे. म्हणून कागद घेतला. मध्येच कुणी तोडायला नको.

शनिवारी तुमची गाडी कावळा नाक्याच्या पुढं गेली असेल नसेल, तोवर तुझ्या आईनं तुझ्या खोलीतल्या चादरी, पडदे, बाळाची दुपटी सगळं काढून धुवायला टाकलं. धुतलेलं पुन्हा धुतलं. तिचा राग कसा असतो तुला सांगायला नको. तुमच्या दोघींच्या मध्ये मी पडणार नाही. किरणोत्सवाच्या दिवशी पडलो होतो, तेवढं पुरे.

मला एकच सांगायचंय. बाळाच्या दुधाची पावडर पातळ करू नकोस.

गुरुवारी रात्री मी पाणी प्यायला उठलो तेव्हा तू ओट्याशी उभी होतीस. बाटलीत साठपर्यंत पाणी घेतलंस. एक चमचा टाकलास, दुसरा भरलास आणि त्यातला निम्मा परत डब्यात सांडलास. मग जरा थांबलीस आणि बाटली हलवलीस. मी काही न बोलता आत गेलो. पण अख्खं आयुष्य दूध संघाच्या लॅबमध्ये काढलेल्या माणसाला ते दिसल्यावर झोप कशी लागणार? तुझ्या डब्यावर स्वच्छ लिहिलंय की तीस मिलीला एक सपाट चमचा. म्हणजे साठला दोन. दीड नव्हे.

सासूबाईंनी सांगितलंय का, पावडर जड पडते म्हणून? की थोरल्या काकीनं? की तुझं तुलाच वाटतं, कमी पावडर म्हणजे कमी गुन्हा? शेवटचं असेल तर डॉक्टरांनी वजन बघून वरचं दूध लिहून दिलंय, हे आधी डोक्यात पक्कं कर. त्यात गुन्हा कुठला आला? पाणी जास्त झालं की पोट भरतं, पोर गप झोपतं आणि अंगी काही लागत नाही. फार झालं तर रक्तातलं मीठ उतरतं, झटके येतात. दाटही करायचं नाही, त्यानं बद्धकोष्ठ होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पाणी उकळलेलं हवं, पण पार गार करून पावडर घालू नकोस. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी सत्तर अंशांच्या खाली जायच्या आत मिसळायचं आणि मग बाटली नळाखाली धरून निववायची. मनगटावर थेंब टाकून बघ. उष्टं उरलं तर ओतून टाक, पुढच्या वेळेला ठेवू नकोस.

बघ, सुरू झालो. तू दोन्ही हात जोडून 'झालं का लेक्चर' म्हणतेस ना, तशी म्हण. झालं.

नाही, अजून एक. त्या डब्यावरची 'आईचं दूध सर्वोत्तम' ही ओळ वाचून तू रडलीस, असं जावईबापू म्हणाले. अगं, ती ओळ कायद्यानं छापावी लागते. 1992 चा कायदा आहे. डब्यावर बाळाचा फोटो टाकायचा नाही, जाहिरात करायची नाही, आणि ही ओळ ठळक छापायची. कंपन्यांनी गोबऱ्या बाळांची चित्रं दाखवून चांगलं दूध असलेल्या बायकांना डबे विकू नयेत म्हणून कंपन्यांचा कान पिरगळलाय तिथं. तुला कोण बोलतंय?

आता तुझ्या आईचं. ती 'आजकालच्या पोरींना पाजायचा कंटाळा' म्हणाली, ते तिनं म्हणायला नको होतं. तुझ्यासमोर नाही, पण मी तिला तसं सांगितलं. ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही.

तू तीन महिन्यांची होतीस तेव्हा तिच्या छातीत गाठ धरली. अंगात ताप, मग पू, मग चीर द्यावी लागली. डबा परवडण्यासारखा नव्हता, आणि दारात म्हैस असताना डबा आणला असता तर आज्जीनं मला घराबाहेर काढलं असतं. म्हशीचं दूध दाट म्हणून निम्मं पाणी. तुझं पोट बिघडलं, तर दूध सोसेना म्हणून आणखी पाणी. तेव्हा घरोघरी असंच चालायचं. बाळाला दूध पाजायला हुपरीहून घडवून आणलेलं चांदीचं बोंडलं होतं. आज्जी त्याच्या चोचीत काडी घालून घासायची, तरी आतल्या वळणात साय राहायचीच, वास यायचा. शेवटी तुला दवाखान्यात ठेवलं. हाताची शीर सापडेना म्हणून डोक्याला सुई लावली, त्यासाठी एका बाजूचं जावळ भादरलं. तुझ्या आईच्या छातीला अजून पट्टी होती. तू मांडीवर असायचीस आणि वास आला की तिच्या पट्टीकडं तोंड न्यायचीस. हे तिनं तुला कधी सांगितलं नसेल. बोंडलं मोडून तुझे पैंजण केले, एवढंच सांगते ती सगळ्यांना.

त्यामुळं बाटली दिसली की तिचं डोकं ठिकाणावर राहत नाही. आताची पावडर म्हणजे ते म्हशीचं दूध नव्हे, हे मी तिला समजावतोय. म्हशीच्या दुधात प्रथिनं चार टक्क्यांच्या आसपास, आईच्या दुधात जेमतेम एक. पावडरीत ती बाळाला झेपतील इतकी कमी केलेली असतात, वर लोह घातलेलं असतं. (तुम्हा आयांचं दूध आमच्या लॅबला आलं असतं तर फॅट साडेतीन-चार लागली असती आणि म्हशीच्या लाईनीतनं नापास होऊन परत गेलं असतं. पण पोरगं त्याच्यावरच वाढतं, काय करणार.) आता मला सांग, कुणीतरी एवढं मोजून केलेल्यात आपण अंदाजानं पाणी घालायचं, याला काय अर्थ आहे?

अंगावरचं सोडू नकोस मात्र. हे आईची बाजू घेऊन म्हणत नाही. आधी अंगावर घे, मग बाटली दे. बाळ जेवढं ओढेल तेवढं दूध उतरतं, आणि रात्रीचं पाजणं चुकवू नये. चिंतेनं पान्हा लांबतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर बघितलंयस ना, म्हशीला परका हात लागला की ती पान्हा चोरते. तुझी आई हे वाचेल तर म्हणेल, पोरीला नेऊन म्हशींच्या रांगेत उभी केली. माफ कर. पण माझं शिक्षण तिथलंच.

तू रात्री अडीचला पंप लावून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली मी बघितलं. सुट्टी सव्वीस आठवड्यांची असताना ऑफिसचं काम कशाला, असं मला विचारायचं होतं. तसं भारीही वाटलं, खोटं कशाला सांगू. अक्काला फोनवर मी हेच सांगत होतो आणि सांगता सांगता गळा भरून आला, तर ती म्हणते, 'पोरगी पुण्याला गेली, लढाईवर नव्हं.'

दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतात ना? टाळू खोल गेल्यासारखी दिसत नाही ना? वरून पाणी पाजू नका, सहा महिने नको. मधाचं बोट तर वर्षभर नको, आणि बारशाला कुणी गुटी घेऊन आलं तर ती माझ्याकडं दे, मी ठेवतो. मोरीत.

वजन दर आठवड्याला त्याच काट्यावर कर, लंगोट काढून. दीडशे-दोनशे ग्रॅम वाढलं की मी तुला परत कधी चमच्याबद्दल विचारणार नाही. बरं, विचारेन, पण कमी विचारेन. फोटो पाठवतेसच, आकडाही पाठव.

अळिवाचे लाडू अक्काच्या पोराबरोबर दिलेत. कुणी केले ते चव घेतल्यावर तुला कळेल. फोन तूच कर, ती करायची नाही.

तुझे,
आण्णा

ता.क. रात्रीची बाटली जावईबापू करतात म्हणालीस. त्यांना सांग, आधी पाणी मोजायचं, मग पावडर. उलटं केलं तर माप चुकतं. आणि चमचा दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीनं सपाट करायचा.