जळाली ती मोटार, इंजन नव्हे

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात बातमी होती की व्होल्टेज कमी असल्यामुळं एका शेतकऱ्याचं विहिरीवरचं इंजिन जळालं. माझं परभणी जिल्ह्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, दुकानात बसलेल्यांपैकी एकानं ती मोठ्यानं वाचली आन् सगळे हसले, त्या माणसाच्या नुकसानीला नाही, शब्दाला. अहो इंजनाला व्होल्टेजचं काय घेणं, ते डिझेल पितंय.

व्होल्टेज पडलं की मोटार तेवढंच पाणी उचलायला जास्त करंट ओढते, वाइंडिंग म्हणजे आतली गुंडाळलेली तांब्याची तार तापते, तिच्यावरचं वार्निश करपतं, आन् तो वास एकदा आला की समजायचं कॉपर भरायचा खर्च आला. इंजन असं जळत नाही, ऑइल संपलं की पिस्टन लायनरला धरतो आणि ते जाम होतं. म्हणून आमच्याकडं शाळेचं तोंड न बघितलेला माणूस बी मोटार जळाली, इंजन बसलं असंच बोलतो, त्यात कधी गल्लत करत नाही. गल्लत शिकलेले करायलेत.

माझा भाचा डिप्लोमाला आहे, तो म्हणला मामा इंग्रजीतच घोळ आहे. खरंय त्याचं. वाळूजला इतक्या मोटारसायकली बनतात, त्यांच्या पोटात पेट्रोलचं इंजन आन् नाव मोटारीचं. तो सांगत होता की मोटर हा लॅटिनमधल्या हलवणं या शब्दावरून आला आणि इंजिन ज्या शब्दावरून आला त्याचा अर्थ अक्कल, आन् काँप्युटरवाले तर सर्च इंजिन बी म्हणतात. आणखी गंमत म्हणजे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटात पहिल्या टप्प्यात घन इंधन जळतं त्याला मोटर म्हणतात, दुसऱ्या टप्प्यात द्रव इंधन जळतं त्याला विकास इंजिन, म्हणजे दोन्हीकडं जाळच, नावं मात्र वेगळी. आता तिथं आपण काय बोलणार, ज्याच्या धंद्यात जे चालतं ते चालतं.

रेल्वेचं तसंच. डिझेलच्या रेल्वे इंजनात आतलं डिझेल इंजन नुसती वीज तयार करतं आन् चाकं फिरवतात त्या ट्रॅक्शन मोटारी, म्हणजे दोघं एकाच पेटीत. विजेवर चालणाऱ्यात तर डिझेल नावालाबी नाही तरी आपण इंजनच म्हणतो, कारण डबे ओढणारं ते इंजन. ते राहू द्या.

पण विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, बॅटरीच्या स्कूटरला तरी नीट लिहा की. तेल जाळून फिरतं ते इंजन, करंटवर फिरते ती मोटार, एवढं पुरे आहे. इलेक्ट्रिक स्कूटरचं दमदार इंजिन असं तुमच्या पुरवणीत दोनदा आलंय, त्या स्कूटरीत ऑइल कुठं टाकायचं ते बी छापा मग.

बातमीतली ती मोटार नंतर माझ्याच दुकानात आली, पाच हॉर्सपॉवरची, पाटीवर ३.७ किलोवॅट. शेतकऱ्यानं कात्रण सोबत आणलं होतं, भरपाईच्या अर्जाला जोडायचं म्हणून. मी पावतीवर मोटार लिहिलं तर त्यो घाबरून म्हणला, मालक, पेपरात इंजिन छापलंय, साहेब लोक ह्या दोन वस्तू धरतील का एकच?

आपला,
एक मोटार रिवाइंडर, जि. परभणी