कोंबडी खताच्या प्रत्येक ट्रॉलीसोबत तापमानाची नोंद हवी

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : नाशिक जिल्ह्यात सुटे विकले जाणारे शेणखत व कोंबडी खत

महोदय,

द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की निफाड, दिंडोरी, चांदवडच्या रस्त्यांवर कोंबडी खताच्या गाड्या दिसू लागतात. बोदाच्या (वेलींच्या रांगेतल्या मातीच्या वरंब्याच्या) कडेने चर घ्यायचा, खत भरायचे, मातीआड करायचे, हे बागायतदारांच्या अंगवळणी पडले आहे. पण गाडीतला माल किती दिवसांचा आहे आणि तो कुजताना तापला होता का, हे विकणारा सांगत नाही आणि घेणाराही विचारत नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी मर्यादा ठरलेल्या आहेत : किलोमागे शिसे 100 मिलिग्रॅम, कॅडमियम 5, आर्सेनिक 10, तांबे 300, जस्त 1000. रोगजंतू तर असताच कामा नयेत. ट्रॉलीने सुटे विकले जाणारे खत मात्र प्रत्यक्षात कोणी तपासत नाही. निर्यातीच्या द्राक्षांतले कीटकनाशकांचे अंश आपण इतक्या काटेकोरपणे मोजतो, आणि त्याच वेलीच्या मुळाशी काय घातले जाते याची नोंद कुठेच नसते.

आमची मुख्य मागणी अशी आहे. गोठ्यातून किंवा पोल्ट्री शेडमधून बाहेर पडण्यापूर्वी खत तापवून कुजवलेले असावे, आणि त्या तापमानाची नोंद मालासोबत शेतकऱ्याच्या हातात पडावी.

ताज्या शेणात आणि कोंबड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई. कोलायचे घातक प्रकार आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी असू शकतात. थंड, ओल्या मातीत यांतले काही महिनोन् महिने तग धरतात. मांडवावरच्या द्राक्षाला याचा धोका कमी, कारण घड जमिनीपासून उंच असतो. खरी काळजी कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर यांची आहे. ही पिके मातीला टेकून वाढतात, लवकर काढणीला येतात आणि यांतली बरीच आपण कच्ची खातो. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत कच्चे खत घातल्यापासून मातीला लागणाऱ्या पिकाच्या काढणीपर्यंत 120 दिवसांचे अंतर सांगितले आहे. दीड महिन्यात निघणाऱ्या कोथिंबिरीत ते अंतर पाळणे शक्यच नाही. तिला कुजलेलेच खत हवे.

कुजलेले म्हणजे नुसते जुने नव्हे. उकिरड्यावर वर्षभर पडलेला ढीग काळा दिसतो, वास मारत नाही, तरी तो कडेने कधीच तापलेला नसतो. अमेरिकेच्या त्याच नियमांप्रमाणे उघड्या लांबट ढिगाला किमान 55 अंश सेल्सिअस तापमान 15 दिवस टिकावे लागते, आणि तेवढ्या काळात निदान 5 वेळा ढीग पालटावा लागतो. पालटताना बाहेरचा थर आत गेलाच पाहिजे. मधोमध 65 अंश असले तरी कडेचा थर बराच गार असतो आणि जंतू तिथेच टिकतात.

कोंबडी खतात नत्र फार आणि कर्ब कमी, म्हणून ते एकटे रचले की अमोनिया उडून जातो आणि ढीग चिकट होतो. आकारमानाने एक भाग खताला सुमारे दोन भाग कोरडा, बारीक केलेला काडीकचरा घालावा. नाशिकमध्ये त्याची वानवा नाही : छाटणीची द्राक्षकाडी, मक्याची ताटे, सोयाबीनचे भुसकट. जी काडी आज बांधावर पेटवली जाते तीच कुट्टी करून इथे लागते. ओल 50 ते 60 टक्के असावी. मुठीत दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब यावा, धार लागू नये. धार लागली तर हवा कोंडते, ढीग सडतो आणि तापमान 40 च्या पुढे सरकत नाही. ढिगाची उंची 4 ते 5 फूट ठेवावी. निफाडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन फुटी ढीग रात्रीतून गार पडतो. तापमानासाठी लांब दांडीचा थर्मामीटर लागतो. तो ढिगात दोन-अडीच फूट खुपसून रोज तीन-चार ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी आकडा लिहावा. सरासरी लिहिली की गार राहिलेला भाग लपतो.

इतके करूनही एका फावड्याने सगळे वाया जाते. ज्या ट्रॉलीतून कच्चे खत आले तीच न धुता तयार खताला लावली की साल्मोनेला परत येतो, आणि तयार खतात त्याला आवरणारे इतर जिवाणू कमी झाले असतील तर वाढतोही.

गोबरगॅसच्या स्लरीबद्दलही गैरसमज आहे. आपल्याकडची बहुतेक संयंत्रे 30 ते 40 अंशांत चालतात. त्यात जंतू कमी होतात, संपत नाहीत. जीवामृताचेही तसेच. 200 लिटर पाण्यात 10 किलो ताजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून ते सावलीत ठेवतात. ते तापत नाही आणि गूळ तर सगळ्याच जिवाणूंना पोसतो. ते आळवणीने (मुळाशी ओतून) जमिनीत द्यायला आमची हरकत नाही. काढणीला आलेल्या पालेभाजीवर मात्र ते फवारू नये, हे कृषी विभागाच्या प्रत्येक प्रशिक्षणात स्पष्ट सांगितले जावे.

उष्णतेने जात नाही असेही बरेच आहे. खाद्यातले तांबे आणि जस्त विष्ठेत उतरते, आणि ढीग कुजून आटला की किलोमागचे प्रमाण उलट वाढते. द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाचे (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकाचे) तांबे आधीच साचत असते, त्यात ही भर पडते. प्रतिजैविकांपैकी टेट्रासायक्लिन कुजताना बरेच कमी होते. एन्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली औषधे मातीच्या कणांना घट्ट धरून दीर्घकाळ राहतात. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर केंद्राने 2019 मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत बंदी घातली, तशीच शिस्त बाकीच्या औषधांच्या विक्रीतही आणावी लागेल, कारण याचा उपाय ढिगाजवळ नाही, शेडमध्येच आहे.

गाय-म्हैस गाभडली की वासरू आणि वार उकिरड्यावर फेकण्याची सवय फार धोक्याची आहे. त्यात ब्रुसेला (जनावरांत गर्भपात घडवणारा जिवाणू) असला तर शेण भरणाऱ्या बाईलाच पहिली लागण होते. हातमोजे घालून, विहिरीपासून दूर खोल खड्ड्यात चुन्यासह पुरणे हाच मार्ग. 4 ते 8 महिन्यांच्या मादी वासरांना एकदा टोचायची ब्रुसेलाची लस राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. ती एकाही वासराला चुकू नये.

पावसात उघड्या ढिगातून निघणारे काळे पाणी ओहोळाने विहिरीत किंवा नदीत जाते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि ती ओलांडलेले पाणी तान्ह्या बाळांना बाधते. गोदावरीच्या प्रदूषणात शहराच्या सांडपाण्याचा वाटा मोठा आहेच. पण 2027 च्या सिंहस्थाची मुख्य स्नाने ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसाळ्यात आहेत. तेव्हा रामकुंडाच्या वरच्या अंगाला नदीकाठी आणि ओढ्याकाठी एकही खताचा ढीग उघडा नसावा.

म्हणून आपण नाशिकपासून सुरुवात करावी. मोठ्या पोल्ट्री आणि गोठ्यांना पक्का उताराचा ओटा, पाणी अडवणारी नाली आणि वर छप्पर सक्तीचे करा. लहान गोठेवाल्यांवर दंडाचा बोजा नको. त्यांना गावपातळीवर सामाईक ओटा, थर्मामीटर आणि भाड्याने कुट्टीयंत्र द्या. जिल्ह्यातल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत तांबे, जस्त, शिसे, कॅडमियम आणि ई. कोलायची खत-तपासणी माफक शुल्कात सुरू करा. आणि प्रत्येक गाडीसोबत एक पानी पत्रक असू द्या : खत कोणत्या जनावराचे, ढीग कधी रचला, रोजचे सर्वांत कमी तापमान, पालटल्याच्या तारखा. येत्या ऑक्टोबर छाटणीपूर्वी निदान या पत्रकाचा आदेश निघावा, एवढी विनंती.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील पशुवैद्यक, कृषी पदवीधर व माती-पाणी तपासणीचे तंत्रज्ञ