विषय: ऑइल कूलर न तपासता हेड खोललं आणि फ्लशिंग न करताच गाडी ताब्यात दिली

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर साहेब,

नमस्कार. मी सांगलीचा, माझा एकच ट्रक आहे आणि तो मीच चालवतो, मार्केट यार्डातनं हळद भरून वाशीला जायचं आणि येताना मिळेल तो माल आणायचा. तुमच्या इथल्या ऑथराइज्ड वर्कशॉपबद्दल ही तक्रार आहे. फोन करून झाले, तिकडनं नुसतं 'बघतो, कळवतो' चाललंय, म्हणून लेखी देतोय.

भरलेली गाडी घेऊन खंबाटकी चढताना टेम्परेचरचा काटा एकदम वर गेला. गाडी साइडला घेतली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि मग कुलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या) टाकीचं झाकण काढलं तर वर तेलाचा तवंग आणि झाकणाला आतनं बासुंदीसारखा घट्ट चिकट थर. डिपस्टिक पुसून बघितली तर ऑइल स्वच्छ, फक्त लेव्हल खाली गेलेली. म्हणजे ऑइल कुलंटमध्ये जात होतं, कुलंट ऑइलमध्ये येत नव्हतं. पांढरा धूर नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत, पिकअप व्यवस्थित. हे सगळं मी वर्कशॉपमध्ये जसंच्या तसं सांगितलं, जॉब कार्डवर लिहायला लावलं.

म्हणजे हेड गॅस्केट गेल्याची लक्षणं नव्हती, तरी त्यांनी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) गेलं म्हणून थेट हेड खोललं. अहो, चालू इंजिनमध्ये ऑइलचं प्रेशर कुलंटपेक्षा कितीतरी जास्त असतं, ऑइल कूलरला, म्हणजे कुलंटनं ऑइल थंड करणाऱ्या भागाला, आतनं चीर पडली की ऑइलच कुलंटमध्ये घुसणार, ही साधी गोष्ट आहे. कूलर काढायचा, ऑइलचं एक तोंड बंद करायचं, दुसऱ्या तोंडातनं हवा भरायची आणि पाण्यात बुडवायचा, लीक असेल तर बुडबुडे दिसतात. हेडच्या मानानं किती थोडं काम आहे हे. ते केलं नाही, हेडचं मोठं बिल लावलं, आणि गाडी पुन्हा तशीच गरम झाली तेव्हा कुठं कूलर काढला, तो लीक निघाला, मग नवीन कूलरचं वेगळं बिल. हेडचे पैसे कशाचे घेतले हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पण माझा खरा राग पुढच्या गोष्टीचा आहे. बिलावर 'कूलिंग सिस्टिम फ्लशिंग' लिहिलंय आणि मी समोर उभा होतो, रेडिएटरचा खालचा कॉक सोडला, बोअरच्या पाण्याचा पाइप लावला, पाणी जरा स्वच्छ दिसल्यावर कुलंट ओतलं, झालं फ्लशिंग! ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडला नाही, थर्मोस्टॅट काढला नाही, हीटरची लाइन चालू केली नाही, तेल तोडणारं क्लीनर घालून इंजिन गरम करून परत रिकामं करणं तर लांबच. नुसत्या पाण्यानं तेल निघतं का? आणि बोअरच्या पाण्यानं आत क्षार बसतात तो ताप वेगळाच, कुलंट मिसळायला डीएम वॉटर (क्षार काढलेलं पाणी) लागतं हे तुमच्याच लोकांना माहीत नसेल तर काय बोलायचं.

परिणाम काय, टाकीत पुन्हा तोच थर आलाय, काटा पुन्हा वर जातोय. वरचा होज पाइप क्लॅम्पजवळ फुगलाय, दाबला की बोट आत रुततं, कारण तेलानं रबर मऊ पडतं. तो घाटात फुटला तर कुलंट क्षणात बाहेर आणि इंजिन जाम. ही जबाबदारी कोण घेणार?

माझं म्हणणं असं की हेडच्या कामाची मजुरी आणि गॅस्केटचे पैसे परत द्या. फ्लशिंग माझ्यासमोर आणि नीट करा, टाकी वेगळी काढून धुवा, पाण्यावर तेलाचा डोळा दिसायचा बंद होईपर्यंत पुन्हा पुन्हा करा. सगळे होज पाइप आणि थर्मोस्टॅट तुमच्या खर्चानं बदला. आणि नवीन कूलर प्रेशर टेस्ट करून तसं लेखी द्या, कारण तेल अजून कूलरमधनं येतंय का जुनंच राहिलंय हे त्याशिवाय कळणार नाही.

गाडी उभी आहे, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा माणूस २०१९ च्या कायद्यात ग्राहकच धरलाय.

आपला,
ट्रकमालक व चालक, सांगली

सोबत: जॉब कार्ड आणि दोन्ही बिलांच्या झेरॉक्स, टाकीचे आणि होज पाइपचे फोटो